सरदाराचं काम

तीर्थपुरीच्या पंचक्रोशीत लग्नाचा माईक माझ्याकडे असतो आणि एकदा हातात आला की तो मी सहसा सोडत नाही. 'आसनस्थ व्हा' एवढंच सांगायला उभं राहायचं आणि अर्ध्या तासाने बसायचं, ही आपली पद्धत. नवरीचा मामा ताटकळतो, भटजी घड्याळ दाखवतात. पण लोक हसत असताना कलावंताने थांबावं कसं?

इंदोरीचे गजानन सरोदे दादू इंदुरीकर झाले, कवलापूरच्या काळू-बाळूंना लोक कवलापूरकर म्हणू लागले. तसं आपल्यालाही कुणीतरी आपणहून 'तीर्थपुरीकर' म्हणावं, अशी माझी फार इच्छा आहे. साहेबाच्या देशातही ही चाल दिसते. एरिक बार्थोलोम्यू नावाच्या पोराने मोरकॅम्ब या आपल्या समुद्रकाठच्या गावाचं नाव लावलं, एर्नी वाइजशी जोडी जमवली आणि अख्ख्या ब्रिटनला हसवलं. 1977 च्या नाताळातला त्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला म्हणतात. पुतण्याने मोबाइलवर या जोडीची करामत दाखवली. इंग्रजी फारसं कळलं नाही, पण दोघे पडद्यापुढे येऊन उभे राहिले आणि मी ओरडलो, "अरे, ही तर बतावणी!" गण झाला, गौळण झाली की आपल्या तमाशातही दोघे असेच पुढे येतात. सरदार सरळ विचारतो, सोंगाड्या वाकडं सांगतो.

आता या सरदाराविषयी थोडं बोलू द्या. थोडं म्हणजे माझ्या मापाचं.

सोंगाड्या काय उत्तर देणार, हे सरदाराला पाठ असतं. तरी रोज रात्री पहिल्यांदाच ऐकल्यासारखं दचकावं लागतं. पुढचा प्रश्न लवकर टाकला तर लोकांचं हसू बुडतं, उशिरा टाकला तर रंग उतरतो. तंबू पोट धरून हसत असताना याने मात्र चिडायचं, आणि ते चिडणं खरं वाटलं पाहिजे. एवढं करून सकाळी पारावर चर्चा कुणाची? सोंगाड्याची. 'गाढवाचं लग्न' म्हटलं की दादूंचा सावळ्या कुंभार आठवतो, प्रभा शिवणेकरांची गंगी आठवते. राजा कोण झाला होता, सांगा बरं! 'विच्छा माझी पुरी करा'तल्या दादा कोंडक्यांची वाक्यं लोक अजून घोळवतात, पण ती वाक्यं ज्यांच्या प्रश्नांवर उभी राहिली त्यांची नावं विचारा. काळू-बाळूंनी हा तिढा जन्मतःच सोडवला होता. दोघे जुळे! 'जहरी प्याला'त दोघे पोलीस बनून आले की बघणाऱ्याने श्रेय द्यायचं तरी कुणाला? आमच्याच तालुक्यातल्या जांबेच्या समर्थांनी तर जोडीचं कामच नाकारलं. 'सावधान' ऐकलं आणि मांडवातून निघाले. स्वतःची स्तुती करणाऱ्याला त्यांनी मूर्खलक्षणांत बसवलंय, त्यामुळे दासबोधाचा तेवढा समास मी जरा भरभर वाचतो.

तर आमचे तात्या. प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. मी भारावून म्हणतो, "या मंगलप्रसंगी काय बोलावं, हेच मला समजत नाही."

"मंग बस ना खाली!"

मांडव फुटतो. मी सावरून, "नवदांपत्याला आपण काय द्यायचं?"

"त्यायला ऱ्हाऊ दे, आमाला जेवाया दे!"

मी चिडतो. मी चिडलो की लोक आणखी हसतात.

मध्ये तात्या मोतीबिंदूसाठी जालन्याला गेले. त्या लग्नात मैदान मोकळं म्हणून मी खुशीत होतो. "काय बोलावं हेच समजत नाही," म्हणालो आणि थांबलो. कुणी काही बोलेना. माझं आटोपलं असं समजून भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं.

एरिक 1984 साली रंगमंचावरून आत गेला आणि कोसळला, त्यातच वारला. एर्नी 1999 पर्यंत होता. आमच्याकडे 2011 साली काळू गेले, बाळू मागे राहिले. प्रश्न विचारून थांबायची सवय हाडीमाशी मुरल्यावर या माणसांनी ती कुठे ठेवली असेल?

आणि बतावणी तरी आता किती उरलीय? जत्रेत फड येतो तो सिनेमाची गाणी घेऊन. दहाला भोंगा बंद करायचा नियम, त्यामुळे मालक आधी काय कापतो, तर दोन माणसांचं बोलणं. पब्लिकला गाणी पाहिजेत म्हणे. पब्लिकला कुणी विचारलंय? आणि नियम फक्त तमाशालाच आठवतो. डीजेवाल्याचं घड्याळ बंद पडलेलं असतं. भोंगा नसताना जी माणसं रात्रभर गाव हसवत होती, त्यांना आता दहा मिनिटं मिळू नयेत, याचा मला खरंच राग येतो.

तात्या परतले, काळा चष्मा लावून. माईक हातात घेतला आणि मीच विचारलं, "तात्या, आता दिसतं का नीट?"

"दिसतं. पर तुह्याकडं बघून वाटलं, डाक्टरचे पैसे वाया गेले."

मला मिळणाऱ्या पाकिटात ते आता वाटा मागताहेत. मी अर्ध्याला तयार आहे, ते पाऊण म्हणतात. मी विचारलं, "कामून?" तर म्हणाले, "तू नुसतं इचारतोस. उत्तरं मला द्यावं लागतेत."