झाड खरं, काढा खोटा

मागच्या रविवारी मावशीकडे गेले होते. तिच्या स्तनात गाठ आहे. कॅन्सरचं निदान होऊन पाच महिने झाले. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मावशी परत गेलीच नाही. ओट्यावर काढ्याच्या चार बाटल्या आणि फ्रीजमध्ये लक्ष्मणफळाची पानं. गाठ मात्र वाढलेली.

"केमो म्हणजे केमिकल गं, विषच ते," मावशी म्हणाली. "हे झाडपाल्याचं आहे. अपाय तर नाही ना?"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो घरांत बोललं जातं, म्हणून आजचं सदर त्याच्यासाठी.

डॉक्टरांच्या कागदावर पहिलंच नाव होतं पॅक्लिटॅक्सेल. हे औषध मुळात झाडाचं आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या सदाहरित वृक्षाच्या सालीत ते सापडलं. त्याची रचना उलगडून १९७१ साली जगापुढे मांडणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. वाणींचा जन्म नंदुरबारचा, १९२५ सालचा. आपल्या नंदुरबारच्या माणसाने शोधलेलं झाडाचं औषध मावशी नाकारत होती, तेही झाडाच्याच नावाने.

याच जोडीने १९६६ साली आणखी एक द्रव्य शोधलं, कॅम्प्टोथेसिन. ते मिळालं एका चिनी झाडातून. चीनमध्ये त्याला 'आनंदाचं झाड' म्हणतात. मग १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं. चीनमध्ये आनंद, आपल्याकडे त्याचं नाव नरक्या. वास घाण, म्हणून हे नाव.

नरक्यातलं हे द्रव्य काय करतं? पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सुटावा लागतो. पीळ सोडवणाऱ्या विकरालाच हे द्रव्य जखडून ठेवतं. डीएनए तुटतो, पेशी मरते. पण भराभर दुभंगणाऱ्या पेशी काही फक्त गाठीतच नसतात. त्या अस्थिमज्जेत असतात, आतड्याच्या अस्तरात असतात. द्रव्य त्यांनाही सोडत नाही.

म्हणूनच १९७०च्या दशकात रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या आणि थांबवाव्या लागल्या. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घसरल्या. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत बदल केले, मात्रा ठरवली, ती कोणाला चालते हे पारखलं. टोपोटेकन आणि इरिनोटेकन या त्याच्यापासून बनलेल्या औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९९६ साली. झाडातून निघालेलं द्रव्य सलाइनच्या नळीपर्यंत यायला तीस वर्षं लागली. ही तीस वर्षं कोणत्याही बाटलीत घरी उकळता येत नाहीत.

कुंडीतली सदाफुली घ्या. तिच्यापासून विनक्रिस्टिन मिळतं आणि रक्ताच्या कॅन्सरमधून वाचलेल्या असंख्य लेकरांच्या उपचारात ते होतं. पण एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. आणि तेच औषध शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं, तर जीव घेतं. मग रोज सकाळी चार पानं चावून नेमकं किती औषध पोटात गेलं, हे कोण सांगणार? झाडपाला निरुपद्रवी आहे म्हणणाऱ्याला झाडाची ताकदच कळलेली नाही.

आणि काढ्यात काहीच दम नसला, तरी अपाय होतोच. तो अपाय वेळेचा. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगते. कॅन्सर पसरलेला नव्हता, बरा होण्याजोगा होता, तरी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांची तुलना त्यांनी उपचार घेतलेल्यांशी केली. मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनांच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. हा आकडा फ्रीजच्या दारावर लावून ठेवा.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ सालच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरीही गाठ विरघळवणाऱ्या चूर्णाचे निरोप रोज मोबाइलवर येतात. असा दावा दिसला की पुढे पाठवू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. प्रामाणिक वैद्य रुग्णाला आधी कॅन्सरच्या डॉक्टरकडे पाठवतो. जो डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, त्याच्या दारात पाऊल टाकू नका.

आणि ज्या झाडाने खरोखर औषध दिलं त्याचं आपण काय केलं? चंदगड, आजरा, आंबोलीच्या जंगलांतून नरक्याची लाकडं पोत्यांत भरून चोरून नेली जातात. झाड तोडणाऱ्याच्या हातात किरकोळ मजुरी पडते, पैसा वरचे दलाल कमावतात. नरक्या वाचवायचा तर त्याची लागवड व्हायला हवी आणि तिचा दाम जंगलकाठच्या माणसाला मिळायला हवा. झाडपाल्यावर इतका विश्वास असेल, तर तो इथे दाखवा.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. नंदुरबारचं नाव ऐकून तिने डॉक्टरांचा कागद पुन्हा हातात घेतला, त्या औषधाच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे झाडाचं आहे, असं मला तिथे कोणी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते डॉक्टरांनी द्यायचं आहे. बाह्यरुग्ण विभागात रांग मोठी असते, मान्य. तरी घाबरून बसलेल्या बाईला दोन मिनिटं द्या. तिला तिच्या भाषेत सांगा की हे औषध कुठून आलं, काय करतं, त्रास किती होईल आणि तो कधी थांबेल. ही दोन मिनिटं तुम्ही दिली नाहीत, तर काढेवाला तिला दोन तास देतो. मावशीचे पाच महिने तिथेच गेले.

मंगळवारची तारीख मिळाली आहे. मी तिच्यासोबत जाते आहे.