माझे पोट, तुझी जबाबदारी

उद्या एखाद्या संशोधकाने महाराष्ट्रातल्या करोनाकाळच्या टाळेबंदीचा इतिहास नुसते सरकारी आदेश वाचून लिहायला घेतला, तर त्याचा निष्कर्ष ठरलेला आहे: या राज्यात दारू ही जीवनावश्यक वस्तू होती आणि चालणे हा गुन्हा. बिचाऱ्याला दोष देता येणार नाही. तारखाच तशा आहेत. २५ मार्च २०२० पासून देश बंद. ४ मे रोजी दारूची दुकाने उघडली. सकाळी फिरायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी मिळाली ती टाळेबंदी सैल करणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये, ३ जूनला. पुढे ५ ऑक्टोबरला हॉटेले आणि बार निम्म्या आसनक्षमतेने सुरू झाले. व्यायामशाळांना केंद्राने ऑगस्टातच हिरवा कंदील दाखवला होता, पण आपल्या राज्यात त्यांना दसऱ्यापर्यंत, म्हणजे २५ ऑक्टोबरपर्यंत, कुलूप. सोने लुटायच्या मुहूर्तावर डंबेल उचलायची मुभा मिळाली. दोन्ही खेपांना पोट वाढवणाऱ्याचा नंबर आधी आणि कमी करणाऱ्याचा नंतर.

याला कारण आहे आणि ते वैद्यकीय नाही. दारूच्या बाटलीमागे उत्पादन शुल्क मिळते. चालण्यावर अजून कोणी कर बसवलेला नाही. जिममध्ये बंद खोलीत माणसे धापा टाकतात, तिथे संसर्गाचा धोका मोठा, हे म्हणणे खोटे नव्हते. पण बारही काही मोकळ्या माळावर भरत नाही आणि मास्क लावून पिण्याची विद्या आपल्याकडे कोणालाच साधलेली नाही.

त्या काळातला सर्वांत बोधप्रद प्रसंग पुण्यात घडला. एप्रिल २०२० मध्ये बिबवेवाडीत काही मंडळी टाळेबंदी मोडून सकाळी फिरायला निघाली. पोलिसांनी त्यांना अडवले आणि शिक्षा म्हणून भर रस्त्यात योगासने करायला लावली. गुन्हा व्यायामाचा, शिक्षाही व्यायामाचीच. एवढा सुसंगत न्याय पेशवाईनंतर पुण्यात झाला नसेल. फक्त घरात बसून चकल्या खाणाऱ्यांना कोणी अडवले नाही, कारण ते कायद्याचे पालन करत होते.

सप्टेंबर उजाडला आणि १५ तारखेपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. मोहीम चांगली होती. आरोग्यसेवक आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप पाहत, बोटाला ऑक्सिमीटर लावत, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का ते विचारत. पण घोषणेतला ‘माझी’ ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचेपर्यंत ‘तुझी’ होतो, हा आपला जुना अनुभव. सरकार म्हणाले, नागरिकांची जबाबदारी. नागरिक म्हणाले, सोसायटीची. सोसायटी म्हणाली, वॉचमनची. वॉचमन गावी गेला होता.

आमच्या सोसायटीने तर जबाबदारी घ्यायची म्हणून टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात गच्चीला कुलूप लावले होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका साखरेचे पेशंट. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलेले. ते सेक्रेटरींना म्हणाले, “अहो, मी एकटा जातो, पहाटे पाचला. तिथे कावळासुद्धा नसतो.” सेक्रेटरी म्हणाले, “काका, उद्या तुम्हाला काही झालं तर जबाबदारी कोणाची?” काका म्हणाले, “आणि न चालल्यामुळे झालं तर?” यावर सेक्रेटरींनी विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवू असे सांगितले. सभा भरवायला बंदी होती. त्याच सुमारास फरसाणवाल्याची पिशवी दोरीला बांधून रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर चढत होती. तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. काका मात्र जिन्याने गच्चीवर जाऊ शकत नव्हते.

म्हणून सगळा दोष सरकारच्या आणि सेक्रेटरींच्या गळ्यात घालून मोकळे होता येईल काय? नाही. आपणही काही कमी नव्हतो. आयुष मंत्रालयाने टाळेबंदीच्या सुरुवातीलाच रोगप्रतिकारशक्तीसाठी सल्ला काढला. त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा होता, चवीला गूळ किंवा लिंबू. दीडशे मिलीलिटर दुधात हळद होती. रोज सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश होता. मधुमेह्यांनी बिनसाखरेचा घ्यावा, अशी तळटीपही होती. आणि त्याच सल्ल्यात रोज किमान तीस मिनिटे योगासने, प्राणायाम आणि ध्यान करावे असेही लिहिले होते. महाराष्ट्राने हा सल्ला अत्यंत निष्ठेने, तोंडावाटे जेवढा पाळता येईल तेवढा पाळला. दहा ग्रॅमचे दोन मोठे चमचे झाले, काढ्यातल्या गुळाचा खडा दिवसागणिक मोठा होत गेला, हळदीच्या दुधात सायही पडली. तीस मिनिटांचे तेवढे राहून गेले.

आहाराच्या बाबतीत मराठी माणूस अडाणी आहे असे म्हणायची कोणाची छाती नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितले की दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकरांनी सांगितले की थोडे थोडे, वेळेवर, घरचे खा आणि तुपाला घाबरू नका. महाराष्ट्र दोन तटांत विभागला गेला, जावेजावेत बोलणे बंद झाले. टाळेबंदीत दीक्षितपंथीयांनी ५५ मिनिटे काटेकोर पाळली. ४५ मिनिटे पोलिसांनी पाळू दिली नाहीत. दिवेकरपंथीयांनी ‘वेळेवर’ सोडून ‘थोडे थोडे’ एवढेच घेतले. तूप दोन्ही पंथांत निर्विवाद राहिले.

या सगळ्याचा हिशेब एरवी पँटने ठेवला असता. पँटचे बटण हा आपल्या घरातला एकमेव स्पष्टवक्ता डॉक्टर; फी घेत नाही आणि भीडही ठेवत नाही. पण घरून काम सुरू झाले आणि या डॉक्टरची प्रॅक्टिसच बसली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली इलॅस्टिकची विजार. बॉसला छातीपर्यंतचाच माणूस दिसायचा. बायकांचे गाऊन तर मुळातच तक्रार न करणारे. ऑफिस पुन्हा उघडले तेव्हा कपाटातल्या सगळ्या पँटा एकाच वेळी आटल्या होत्या. दोष धुलाईच्या पावडरीला दिला गेला.

आणि या घरून कामाच्या दिवसांत जबाबदारी नक्की कोणी उचलली? घरातल्या बाईने. साहेब पोटावरचे टायर चिमटीत धरून जाहीर करायचे, “आजपासून माझं डाएट सुरू.” म्हणजे आजपासून तिने दोन स्वयंपाक करायचे. एक ज्वारीच्या भाकरीचा त्यांच्यासाठी, दुसरा बाकीच्यांसाठी. शिवाय साहेबांना संध्याकाळी दुसऱ्यातलेही चाखायला द्यायचे. चतुर्थीला उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याचा लाडू. वजन वाढले की, “तूच तेल जास्त घालतेस.” कमी झाले की, “माझी विलपॉवर.” स्वतः तिला चालायला पाऊण तास मिळत होता का, हे आरोग्यसेवकाने विचारले नाही आणि साहेबांनीही विचारले नाही.

आता थोडे गंभीर, कारण विषाणू विनोद समजत नाही. पोटातली चरबी श्वासपटलाला वर ढकलते आणि फुप्फुसाला पसरायला जागा कमी पडते. चरबीच्या पेशी शरीरात एक सौम्य दाह कायम धुमसत ठेवतात. जोडीला बहुधा साखर आणि रक्तदाब असतात. म्हणून लठ्ठ माणसाला करोना झाला की तो गंभीर होण्याचा धोका जास्त, हे पहिल्या लाटेतच डॉक्टरांच्या लक्षात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. आधीच्या फेरीत हेच आकडे २१ आणि १९ होते.

हे वाचून सडपातळ वाचकाने शेजाऱ्याकडे पाहून मिश्किल हसायची घाई करू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. हातापायांच्या काड्या आणि आत चरबीचा साठा, हा आपला राष्ट्रीय बांधा. म्हणूनच भारतीयांसाठी डॉक्टर जास्त वजनाची रेघ २५ वर नाही, २३ वर ओढतात. तेव्हा ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ म्हणत जाड्या माणसाला नावे ठेवणारा स्वतःच्या आतले गोदाम कधी उघडून पाहत नाही. आणि नावे ठेवून आजवर कोणाचे वजन घटलेले नाही. घटले असते तर आपल्या लग्नकार्यांतून एकही जाड माणूस परत आला नसता.

आणि चालण्याचेच म्हणाल, तर ज्या महिन्यांत बिबवेवाडीत चालणाऱ्यांना अडवले जात होते, त्याच महिन्यांत मुंबई-नाशिक महामार्गावरून हजारो मजूर डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन उत्तर प्रदेश, बिहारकडे चालत निघाले होते. त्यांची पावले कोणत्याही घड्याळाने मोजली नाहीत. त्यांच्या वैयक्तिक जबाबदारीबद्दल कोणाला शंका नव्हती. त्यांच्याबद्दलची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न होता. आरोग्याच्या सवयी लावून घ्यायला आधी घर, पगार आणि वाण्याकडे उधारी लागते, हे आम्ही बाल्कनीत उभे राहून थाळ्या वाजवताना विसरलो.

एकीकडे आरोग्याचा उपदेश आणि दुसरीकडे खाण्यापिण्याला मोकळीक, हा गोंधळ फक्त आपलाच, असे समजून कोणी खजील होऊ नये. साहेबाच्या देशात पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये करोनाने अतिदक्षता विभागात जाऊन आले. आपले वजन जास्त होते हे त्यांनी मान्य केले आणि २७ जुलैला त्यांच्या सरकारने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम उघडली. नंतर आठवडाभरातच, ३ ऑगस्टपासून, त्याच सरकारने सोमवार ते बुधवार बाहेर जेवणाऱ्याला निम्मे बिल माफ केले, माणशी दहा पौंडांपर्यंत. बर्गरची दुकानेसुद्धा योजनेत होती. कमी खा, पण अर्ध्या किमतीत. आपल्या सरकारने निदान फुकट वडापाव वाटला नाही.

पण कर आपल्याकडेही बोलतो. महासाथीच्या काळात जिमच्या वर्गणीवर जीएसटी १८ टक्के होता आणि ब्रँडच्या पाकीटबंद शेव-चिवड्यावर १२ टक्के. घाम गाळणे ही चैन आणि शेव खाणे ही मध्यमवर्गीय गरज. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ५ टक्क्यांवर आले. समता आली, पण व्यायाम अजून शेवेच्या पुढे गेलेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्वयंपाकातले तेल दहा टक्के कमी करा असे आवाहन केले, दहा नामवंतांना नेमले आणि त्यांनी पुढे दहा-दहा जणांना सांगावे असे सुचवले. ही पद्धत आम्हाला व्हॉट्सॲपमुळे तोंडपाठच होती. संदेश पुढे गेला, तेल कढईतच राहिले.

सार एवढेच की लठ्ठपणा ही वैयक्तिक जबाबदारी आहे असे सरकार म्हणते तेव्हा त्याला पदपथ बांधायचे नसतात, आणि ती सरकारची जबाबदारी आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला दुसरी वाटी बासुंदी हवी असते. दोघेही अर्धे खरे बोलतात आणि उरलेले अर्धे समोरच्याच्या ताटात वाढतात. सवय उपदेशाने लागत नाही. जे दाराशी, स्वस्तात आणि बिनापरवानगी मिळते त्याची लागते. दाराशी फरसाण मिळाले तर फरसाणाची, चालता येईल असा रस्ता मिळाला तर चालण्याची. एवढी मोठी साथ येऊन गेली, पण आपल्या शहरांतल्या पदपथांवर आजही दुचाक्या उभ्या आहेत, कित्येक बागा दुपारभर बंद आहेत आणि कित्येक शाळांची मैदाने सुट्टीत कुलपात आहेत. पुढच्या साथीची वाट पाहायला एवढी तयारी पुरेशी आहे.

तेव्हा वाचकहो, नगरसेवक दारात आला की त्याच्याकडे गल्लीतला सलग पदपथ मागा, सोसायटीच्या सभेत गच्चीची किल्ली मागा आणि घरातल्या बाईला रोज पाऊण तास मोकळा द्या. तेवढ्या वेळात भाजी तुम्ही चिरा. पदपथ व्हायला वेळ लागेल. गुडघे धड असतील तर तोवर लिफ्टचे बटण दाबू नका. जिना चढायला अजून तरी परवानगी लागत नाही आणि त्यावर जीएसटीही नाही.