पोरगी बी.बी.ए.ला, बाप उधारीला

धुळ्यात आमचं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. औषधं पिकांची. हे सांगावं लागतं, कारण खोकला झालेली माणसंही अधूनमधून पायरी चढतात. दुकान वडिलांनी टाकलं, ते जुनी मॅट्रिक. मी बी.ए., विषय इतिहास. दोन पिढ्या धंदा केला, पण धंदा शिकायला म्हणून आमच्यापैकी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे पोरगी बारावी कॉमर्स होऊन म्हणाली, "पप्पा, मी बी.बी.ए. करणार, जळगावला," तेव्हा पहिला आक्षेप माझ्या आईने घेतला. आई ऐंशीच्या पुढे आहे आणि पैशाचा विषय निघाला की अहिराणीशिवाय बोलत नाही.

"पोर काय शिकाले जाई राहिनी?"

"धंदा."

"मंग धंदा शिकाले फी कसाले? दुकानमा बसाड तिले."

खान्देशचा इतिहास, माझा विषय असूनही, आईच्या बाजूचा आहे. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. मालकांचा मुलगा अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून त्याने कंपनी हातात घेतली. पुढे तिचीच विप्रो झाली. ज्या अमळनेरकरांनी तेव्हा शेअर घेऊन पेटीच्या तळाशी टाकले, त्यांच्या श्रीमंतीच्या गोष्टी आजही एस.टी. स्टँडवर ऐकायला मिळतात. आमच्या वडिलांनाही कोणीतरी सुचवलं होतं म्हणे. त्यांनी आधी माल पाहावा म्हणून कंपनीच्या 'सनफ्लॉवर' तुपाचा एक डबा घेतला. माल उत्तम निघाला. आम्ही तो खाऊन संपवला.

दुसरा दाखला जळगावचा. वाकोदचे भवरलाल जैन कॉमर्स आणि कायदा अशा दोन पदव्या घेऊन बसले होते. १९६३ मध्ये घरची सात हजारांची पुंजी घेऊन त्यांनी सुरुवात केली ती रॉकेल विकण्यापासून. पुढे पाइप आले, ठिबक आलं आणि जैन हे आडनाव शेतकऱ्याच्या तोंडी नळीचं नाव म्हणून बसलं. आईचा हिशेब असा: एकाने शिक्षण सोडलं, दुसऱ्याने शिकून रॉकेल विकलं, फी दोघांचीही वायाच गेली. मी म्हटलं, प्रेमजींनी राहिलेली डिग्री नंतर पूर्ण केली.

"कव्हय?"

"कंपनी मोठी झाल्यावर."

"मंग हिलेबी तव्हयच करू दे."

तरीही पोरगी गेली. पण बी.बी.ए.ला हल्ली नुसतं जाऊन भागत नाही. २०२४ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि त्याला राज्याची सीईटी लागली. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, त्यातले चाळीस इंग्रजी भाषेचे, बाकी तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणक. पेपर देऊन आल्यावर मी विचारलं, धंद्याचं काय विचारलं? ती म्हणाली, त्याचं काहीच नव्हतं. मला बरं वाटलं. आपण नापास झालो नसतो, असं वाटण्यासारखी ही माझ्या आयुष्यातली पहिलीच परीक्षा.

शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी आता चार वर्षांची आणि मध्ये उतरायची सोय असलेली झाली आहे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मी ते आईला धुळे–भुसावळ एस.टी.च्या भाषेत समजावलं: पारोळ्याला उतरली तर सर्टिफिकेट, एरंडोलला डिप्लोमा, जळगावला डिग्री आणि थेट भुसावळपर्यंत गेली तर ऑनर्स. आईने एकच विचारलं, अर्ध्यात उतरलं तर उरलेलं तिकीट परत मिळतं का?

कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'द्विभाषिक' हा शब्द ठळक छापला होता. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्या. आमच्या पोरीच्या कॉलेजने ते मनावर घेतलं. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी, पेपर कोणत्या भाषेत लिहायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. ऐकायला सोपं वाटतं. वर्गात मात्र स्लाइड इंग्रजीत असते, समजावणं मराठीत होतं आणि सर चिडले की जे बोलतात ते दोन्ही भाषांत बसत नाही. पोरगी म्हणते, तेवढंच सगळ्या वर्गाला एका झटक्यात कळतं.

तिची रूम पार्टनर यावलकडची, केळीवाल्यांची. ही अहिराणीवाली, ती लेवा बोलीवाली. दोघी एकमेकींच्या बोलण्यावर हसतात आणि मग मोबाइल बघायला लागतात, तिथे भांडण नाही. या यावलवालीने वडील आजारी असताना दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोनवर हिंदीतून असा काही झोडपला, की त्याने क्विंटलमागे भाव वाढवून दिला. ट्रक भरताना नवतीचा माल कुठला आणि वापसी म्हणून व्यापारी कुठला बाजूला काढतोय, यावर ती बांधावर उभी राहून तासभर वाद घालू शकते. तीच मुलगी पहिल्या दिवशी वर्गात इंग्रजीतून ओळख करून द्यायला उभी राहिली, नाव सांगितलं आणि बसली. सर म्हणाले, घाबरू नकोस, मराठीत सांग. ती पुन्हा उठली, "माझे नाव अमुक आहे, मला वाचनाची आवड आहे," एवढं बोलली आणि पुन्हा बसली. वाचनाची तिला अजिबात आवड नाही. पण शाळेतल्या मराठीत उभं राहिलं की ती आवड आपोआप उत्पन्न होते.

खरी गोम इथे आहे. कॉलेज मोठ्या मनाने दोन भाषा देऊ करतं, पण आमच्याकडच्या पोरांना दोन्ही परगावच्या. एक साहेबाची, दुसरी पुण्याची. धुळ्याहून जळगावला जाताना बांभोरीजवळ विद्यापीठ लागतं. १५ ऑगस्ट १९९० ला निघालं, तोवर खान्देश पुणे विद्यापीठाखाली होता. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. बहिणाबाई असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, आणि जे रचलं ते घरच्या बोलीत. फाटकावर त्यांचं नाव आणि आत त्यांच्या बोलीला ऑप्शन नाही. बस पुढे जाते, मीही पुढे जातो. मालाची ऑर्डर द्यायची असते.

एकभाषिक शिक्षण कसं असतं ते मला ठाऊक आहे, कारण मधल्या काळात मीही शिकून घेतलं. खतं-औषधं विकणाऱ्याला त्या विषयाचं शिक्षण हवं, असा सरकारी नियम आला आणि ज्यांच्याकडे शेतीची पदवी नाही अशा दुकानदारांसाठी एक वर्षाचा डिप्लोमा होता, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की उच्चार होतो 'देसी', आणि शिकवतात स्थानिक भाषेत. आठवड्यातून एक दिवस वर्ग. पन्नाशीतले दुकानदार दप्तर घेऊन बसायचे, मागच्या बाकावरून मालाचे भाव विचारायचे आणि मातीपरीक्षणाच्या तासाला झोपायचे. प्रमाणपत्र मी दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं आहे. पोरगी त्याला शिक्षण मानत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती प्रोजेक्ट घेऊन: एखाद्या कौटुंबिक व्यवसायाचा अभ्यास करा. अहवाल इंग्रजीत, तोंडी परीक्षा मराठीत. कौटुंबिक व्यवसाय शोधायला तिला जिना उतरण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. गल्ल्यामागच्या माझ्या खुर्चीवर ती लॅपटॉप घेऊन बसली आणि मी गिऱ्हाइकाच्या बाजूला युरियाच्या थप्पीवर.

आधी तिने 'किंमत-धोरण' हा मुद्दा घेतला. पप्पा, तुम्ही भाव कसा ठरवता? मी म्हटलं, बाळा, कपाशीच्या बीजी-२ पाकिटाचा भाव केंद्र सरकार ठरवतं. २०२४ ला ८६४ रुपये होता, २०२५ ला ९०१ झाला. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तीही गिऱ्हाइकाचा अंगठा मशीनवर लागल्यावर. माझं धोरण एवढंच, की ते पन्नास पैसे कुठून आणायचे. तिने ते लिहून घेतलं नाही.

मग चार चौकोन काढले: ताकद, उणिवा, संधी, धोके. ताकदीत जुनी गिऱ्हाइकं. उणिवांत उधारी. धोक्यांत पाऊस, गुलाबी बोंडअळी आणि समोरचं दुकान. उणिवांत आणखी एक ओळ होती, ती तिने हाताने झाकली. मी हात काढून वाचली. 'मालक.' आईने विचारलं, मी कोणत्या चौकोनात आहे? कुठेच नाही म्हटल्यावर ती रात्री जेवली नाही.

उधारीची लाल वही हा पुढचा टप्पा. तिला ती एक्सेलमध्ये चढवायची होती. एक्सेल नाव आणि आडनाव मागतं. माझ्या वहीत नोंदी अशा: 'काळी टोपी, सोनगीर', 'कापडणे, बुलेटवाले नाना', 'नगाव, दोघे भाऊ (मोठ्याकडे मागू नये)', 'जावई'. कोणाचा जावई ते वडिलांना माहीत होतं. मुदतीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'कापूस'. पुस्तकात आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, दुकानात लक्ष्मीपूजनाला, सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि उधारीचं कापूस विकला जाईल त्या दिवशी. चारही वर्षं आम्ही एकाच वहीत सांभाळतो. तिने संगणक बंद केला आणि चहा मागितला.

चहा पिऊन तिला उपाय सुचला. प्रत्येक उधारवाल्याला मोबाइलवर नम्र संदेश, इंग्रजीत, रकमेसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी बुलेटवाले नाना दुकानात हजर. हातात पासबुक, आधार कार्ड आणि सातबारा. इंग्रजीत मेसेज आला, त्यात आपलं नाव आणि खाली मोठी रक्कम, म्हणजे पीक विम्याचे पैसे आले असणार. फॉर्म तेवढा भरून द्या म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मला खरं सांगवेना. त्यांना मी चहा पाजून पाठवलं.

तेव्हा पोरीने संदेश मराठीत काढला. चांगला शुद्ध: 'आपणाकडील थकबाकी त्वरित भरून सहकार्य करावे.' या वेळी नाना आले नाहीत, फोन आला. "शेठ, वकील लावला का?" तीस वर्षांचा व्यवहार आणि ही भाषा, म्हणून त्यांनी फोन आपटला.

शेवटी आईने माझा मोबाइल घेतला. ख्यालीखुशाली, सुनेचं बाळंतपण, गुडघे, विहिरीचं पाणी असं सगळं झाल्यावर जाता जाता म्हणाली, "नाना, कापूस घरमा ठेईसन काय करशी? आमनी पोरनी फी भरनी शे."

चार दिवसांनी नानांनी रुमालात गुंडाळलेल्या नोटा गल्ल्यावर ठेवल्या. पोरगी आनंदाने एक्सेलमध्ये शून्य टाकायला गेली. ती शून्य टाकेपर्यंत नानांनी हरभऱ्याचं बियाणं, गव्हासाठी खत आणि दोन औषधांचे डबे बुलेटला बांधले होते. "लिही घ्या," म्हणाले. नवी रक्कम जुनीपेक्षा मोठी निघाली.

पोरगी माझ्यावर रागावली. मी तिला वडिलांचा नियम सांगितला: ज्याची उधारी फिटली तो माणूस मोकळा झाला, आणि मोकळा माणूस समोरच्या दुकानात जातो. थोडं देणं राहू द्यावं, म्हणजे येणं-जाणं राहतं. समोरच्या दुकानाचे वडीलही हाच नियम पाळत, म्हणून त्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे येत नाहीत. पोरीने हे सगळं चांगल्या इंग्रजीत बसवलं, वर 'कस्टमर रिटेन्शन' असा मथळा दिला आणि वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळवले. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, ही थिअरी कोणाची? ती म्हणाली, आजोबांची. सरांनी पुस्तकाचं नाव आणि पान नंबर मागितला.

गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर इंग्रजीत एक मेसेज आला. पीक विमा असेल म्हणून मी आधी खूश झालो. मग पोरीने वाचून दाखवला: फीचा दुसरा हप्ता थकला आहे, जंटल रिमाइंडर. उत्तर कोणत्या भाषेत देऊ, असं मी विचारलं. ती म्हणाली, कॉलेज द्विभाषिक आहे, कोणत्याही द्या. मी लिहिलं, 'सर, कापूस विकला जाऊ द्या, लगेच भरतो.'

आई शेजारी वाती वळत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं,

"सम्दी भरू नको."