जुनी देऊन वर किती?

मोटारीच्या शोरूममध्ये एका गाडीच्या चार किमती असतात. पहिली जाहिरातीतली, ‘अमुक लाखांपासून पुढे’. या किमतीची गाडी कंपनी बनवते, पण ती शोरूममध्ये उभी दिसत नाही. चौकशी केली की तीन महिन्यांचे वेटिंग निघते आणि ‘साहेब, ते मॉडेल कुणी घेत नाही’ अशी माहितीही फुकट मिळते. दुसरी किंमत एक्स-शोरूम, म्हणजे जीएसटीसह. तिसरी ऑन-रोड, म्हणजे वाहनकर, पासिंग, विमा आणि शोरूमची कल्पनाशक्ती धरून. चौथी मेव्हण्याला मिळालेली. ती तिसरीपेक्षा नेहमी वीस हजारांनी कमी असते आणि तिची पावती आजवर कोणीही पाहिलेली नाही.

एक्स-शोरूम किमतीत सरकार किती आणि कारखाना किती, हे बव्हंशी गाडीच्या लांबीवर ठरते. चार मीटरच्या आत बसणाऱ्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता. याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. त्यामुळे या देशातल्या कितीतरी गाड्यांची लांबी बरोबर ३,९९५ मिलिमीटर भरते आणि डिकीत सुटकेस का मावत नाही याचे उत्तर करसंहितेत सापडते. दरकपातीचा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला आणि अंमल घटस्थापनेपासून. मधला काळ बहुतांशी पितृपक्षाचा. पितृपक्षात गाडी घेऊ नये, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला त्या वर्षी प्रथमच अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरला.

दुसऱ्या किमतीपासून तिसरीपर्यंतचा प्रवास कोटेशन नावाच्या कागदावर होतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे, डिझेलला १३. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला साधारण ९९ हजार रुपये. हा पैसा सरळ सरकारजमा होतो, शोरूमला त्यात काही मिळत नाही, आणि म्हणूनच कोटेशनमधली ही ओळ पैशापैशाने अचूक असते. पुढच्या ओळीत शिथिलता येते. केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणीचे शुल्क ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००. ही बेरीज ‘आरटीओ व इतर’ या मथळ्याखाली काही ठिकाणी आठ-दहा हजारांपर्यंत फुगते. ‘इतर’ म्हणजे काय, असे विचारल्यास सेल्समन ‘ते सगळ्यांनाच असते’ असे सांगतो, आणि हे उत्तर खरेच असते. हायसिक्युरिटी नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच द्यायची असते. तरी तिच्यासाठी वेगळा आकडा लिहिण्याची प्रथा कुठे कुठे टिकून आहे. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ ही सर्वांत प्रामाणिक ओळ. ती खोडा म्हटले की थोड्या कुरकुरीनंतर खोडली जाते, यावरून तिचा कायदेशीर पाया किती खोल होता ते कळते. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, हाही लागतो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण कोटेशनच्या कागदावर हे लिहायला जागा उरत नाही.

एवढे सगळे करूनही शोरूमवाला गाडीवर गब्बर होतो, ही समजूत चुकीची आहे. सर्वसाधारण कंपन्यांच्या गाड्यांवर विक्रेत्याचे मार्जिन किमतीच्या पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. शिवाय कंपनीकडून गाडी तो कर्ज काढून उचलतो, आणि यार्डात उभी असलेली गाडी रोज व्याज खाते. कंपनीच्या हिशेबात गाडी कारखान्यातून विक्रेत्याकडे रवाना झाली की विकली गेली. वर्तमानपत्रांत छापून येणारे ‘विक्रमी विक्री’चे आकडे बहुधा या रवानगीचे असतात. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ‘फाडा’ या विक्रेत्यांच्या संघटनेने हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ७९ हजार कोटी रुपयांच्या जवळजवळ आठ लाख ‘विकलेल्या’ गाड्या विक्रेत्यांच्या अंगणात धूळ खात होत्या. महिन्याच्या तीस तारखेला सेल्समनच्या स्वभावात जो ओलावा येतो त्याचा उगम इथे आहे. टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असतील तर सूट मिळते; टार्गेट पंचवीस तारखेलाच पूर्ण झाले असेल तर तोच माणूस तत्त्वनिष्ठ होतो.

सूट देणे हा तरी विक्रेत्याचा स्वतःचा प्रश्न असावा, असे वाटणे साहजिक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो नेमका याच मुद्द्यावर. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ई-मेलने झाली. पाठवणाऱ्याने स्वतःला कंपनीचाच विक्रेता म्हणवले होते, आणि तक्रार मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा या विभागातली होती. आयोगाच्या आदेशानुसार, कंपनीने ठरवून दिलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट देणाऱ्या विक्रेत्याला दंड होई, आणि शोरूम मॅनेजर, टीम लीडर, सेल्समन यांच्यावरही वेगळा. चोरी पकडण्यासाठी खोटे ग्राहक पाठवले जात. ते बोलणे टेप करून पुराव्यासह कळवत. ज्या शहरांची नावे या प्रकरणात आली त्यांत पुणे होते. समोर बसून तासभर घासाघीस करणारा गृहस्थ कंपनीचा हेर आहे की नुसताच पुणेकर, हे ओळखण्याची जबाबदारी पुण्यातल्या सेल्समनवर पडत होती, ही गोष्ट सहानुभूतीने पाहायला हवी. कंपनी या आदेशाविरुद्ध अपिलात गेली. ग्राहक मात्र अजूनही ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेलेल्या सेल्समनची वाट पाहत बसलेला असतो. आत दोघे चहा पितात. साधारण सात मिनिटांनी मॅट आणि मड फ्लॅप मंजूर होतात.

गाडीवर न मिळालेले पैसे शोरूम गाडीभोवती मिळवते. विमा ही त्यातली मोठी बाब. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला आहे. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये आणि वर कर. इथे हात मारायला वाव नाही. वाव असतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, चावी हरवल्यास, टायर फुटल्यास अशा पुरवण्यांत. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. ही गोष्ट ग्राहकाने काढली की ‘बाहेरचा घेतलात तर कॅशलेसला त्रास होतो’ हे वाक्य येते. तोच विमा ऑनलाइन आठ हजारांनी स्वस्त मिळत असल्याचा मोबाइल पुढे केला, तर अर्ध्या तासात शोरूमचा विमाही सात हजारांनी उतरतो आणि कॅशलेसचा त्रास कुठल्या कुठे जातो. अ‍ॅक्सेसरीजबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. ‘बेसिक किट’मध्ये कव्हर, परफ्युम आणि गणपती असतो, यांतले गणपती तेवढे टिकतात.

खरी विद्या कर्जाच्या टेबलावर दिसते. पूर्वी रोखीने गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये मान होता. आता दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेणे २०१७ पासून कायद्यानेच बंद आहे, आणि चेकने सगळे पैसे एकदम देणारा ग्राहक तर तोट्याचाच. कर्ज देणारी बँक शोरूमला मोबदला देते, धंद्याच्या भाषेत पे-आउट. स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्यामागे तो मिळत नाही. म्हणून ‘लोन करून घ्या, हवे तर नंतर फेडा’ असा वडीलकीचा सल्ला मिळतो. नंतर फेडताना बँक दंड किती लावते, हे त्या सल्ल्यात समाविष्ट नसते.

कर्जाच्या बोलण्यात शोरूमकडून पहिला प्रश्न येतो तो ‘महिन्याला किती जमेल?’ असा. उत्तर दिले की गाडीची किंमत हा विषय संपला. समजा कर्ज दहा लाख, व्याज ९ टक्के. पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे २०,७५८ रुपये आणि एकूण व्याज अडीच लाखांच्या जरा आत. ग्राहक सोळा हजारांवर अडला तर मुदत सात वर्षे होते, हप्ता १६,०८९ वर येतो, सेल्समन टाळी मागतो, आणि व्याज साडेतीन लाखांपलीकडे जाते. वरचा लाखभर रुपयांचा भुर्दंड कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही. टॉप मॉडेल विकण्याची रीतही हीच. ‘सनरूफला दीड लाख’ म्हटले की माणूस उठतो. ‘महिन्याला फक्त चोवीसशे’ म्हटले की मागच्या सीटवरची मुले निकाल लावतात.

त्याहून सुबक प्रकार म्हणजे फ्लॅट व्याजदर. ६ टक्के ऐकून ग्राहक बँकेतल्या मित्राला फोन करतो आणि दोघेही थक्क होतात. दहा लाखांवर पाच वर्षांचे ६ टक्के म्हणजे तीन लाख. तेरा लाखांना साठने भागले की हप्ता २१,६६७. यात पहिला हप्ता भरल्यापासून मुद्दल कमी होत गेले, ही गोष्ट धरलेलीच नाही. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर १०.८५ टक्के पडतो, म्हणजे शेजारच्या ९ टक्क्यांच्या ‘महाग’ कर्जापेक्षा हप्त्यामागे नऊशे रुपये जास्त. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर एक तक्ता द्यावा लागतो, ज्यात प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर छापलेला असतो. तो तक्ता दिला जातो. तो ज्या गठ्ठ्यात असतो त्यावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात, ‘इथे सही, इथे सही’, आणि ग्राहक त्या वेळी गाडीच्या रंगाचा विचार करत असतो.

नवीच्या बदल्यात द्यायच्या जुन्या गाडीची किंमत लावायला येणाऱ्याला इव्हॅल्युएटर म्हणतात. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेट उघडून पाहतो, पत्र्यावरून रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवतो, दाराचे रबर ओढून आतली वेल्डिंग बघतो आणि काही बोलत नाही. हे न बोलणे फार महाग असते. मालकाने आठ वर्षे कंपनीतच सर्व्हिसिंग केल्याची फाइल दाखवली तर तो मान हलवतो. मग फोटो काढतो. ते फोटो जुन्या गाड्यांच्या एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात, तिथे बोली लागते, आणि सर्वांत वरच्या बोलीतून शोरूमचा वाटा वजा करून उरलेला आकडा मालकाला खेदपूर्वक कळवला जातो: दोन लाख चाळीस. कारण बाजार पडलेला असतो. तीच गाडी महिन्याभराने पॉलिश होऊन ‘सिंगल ओनर, एमएच १२ पासिंग’ या वर्णनासह तीन लाख वीसला लागते, तेव्हा बाजार सावरलेला असतो.

मालक रुसला की एक्स्चेंज बोनस बाहेर येतो. हा बहुधा कंपनीचा असतो, पण शोरूम तो स्वतःच्या काळजातून काढून दिल्यासारखा देते. गाडीचे दोन लाख चाळीस, बोनस पंचवीस हजार, ‘आमच्याकडून’ आणखी पंचवीस. झाले दोन लाख नव्वद. मालक खूश. नव्या गाडीवरची पस्तीस हजारांची सूट या गडबडीत दहा हजारांवर आलेली असते. जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीची सूट आणि कर्जाचा दर हा शोरूमच्या दृष्टीने एकच हिशेब आहे. ग्राहकाशी मात्र तो तीन टेबलांवर तीन माणसे तीन वेळा बोलतात. जुन्या बाजारातल्या लोकांचा प्रश्न ‘जुनी देऊन वर किती?’ एवढाच असतो, आणि शोरूमला तो ग्राम्य वाटतो. जुनी गाडी बाहेर विकून नावबदलाचे कागद दाखवले तरी बऱ्याच कंपन्या बोनस देतात. ही योजना विचारल्याशिवाय सांगितली जात नाही.

विचारल्याशिवाय न सांगण्याच्या आणखी दोन गोष्टी आहेत. जुन्या गाडीवर पाच वर्षे विम्याचा दावा केला नसेल तर मिळणारा ५० टक्के नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतले तर तो नव्या गाडीच्या विम्याला लागतो आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता निम्मा होतो. शोरूमच्या विम्याच्या टेबलावर ही आठवण निघत नाही, कारण मोबदला हप्त्याच्या प्रमाणात असतो. दुसरी गोष्ट नावबदलाची. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून चावी दिली की गाडी गेली, असे मालक समजतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. मध्ये गाडी चार हातांतून फिरली तरी फरक पडत नाही. तिचे ई-चलानही जुन्या मालकाच्याच मोबाइलवर येत राहते, कधी ज्या गावाचे नाव त्याने ऐकलेले नाही तिथून.

डिलिव्हरी हा समारंभ असतो. गाडीवरचे साटिनचे कापड ओढणे, पुठ्ठ्याची तीन फुटी चावी, नारळ, पेढे, घरच्यांचा फोटो. सेल्समन या सगळ्यात एक निकडीचे काम उरकतो: कंपनीकडून फोन येईल, तेव्हा दहापैकी दहा द्या. आठ दिले तरी त्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो, हेही तो आवाज खाली आणून सांगतो. हँडलिंगच्या ओळीवरून दोनच दिवसांपूर्वी ग्राहक न्यायालयाची भाषा करणारा गृहस्थ फोन आला की क्षणभर थांबतो, त्या पोराचा चेहरा आठवतो आणि दहा देतो. त्यामुळे कंपनीच्या तिमाही अहवालात महाराष्ट्रातला ग्राहक किमतीबाबत, कर्जाबाबत आणि जुन्या गाडीच्या मूल्यांकनाबाबत पूर्ण समाधानी असल्याची नोंद होते.