मारहाणीचे दरपत्रक

सरकारी रुग्णालयात शिरलात की भिंतीवर दोन फलक दिसतात. एकावर केसपेपर, एक्स-रे, रक्ततपासणी यांचे दर. दुसऱ्यावर डॉक्टरला किंवा नर्सला मारल्यास काय पडेल ते : ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. राज्याच्या २०१० च्या कायद्याचा हा फलक अपघात विभागाच्या दाराशी असला की नातेवाइकांना ताटकळताना अंदाजपत्रक मांडता येते.

मोडतोडीचा दर निराळा. यंत्र फोडले तर खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई! म्हणून हिशेबी माणूस व्हेंटिलेटरला हात लावत नाही, निवासी डॉक्टरला धरतो. तो आदल्या दिवसापासून जागा असतो, त्याला पळवत नाही, आणि त्याच्या खरेदीची पावती कुणाकडेच नसते.

साथ आली की भाव चढतो. २०२० मध्ये केंद्राने साथरोग कायदा दुरुस्त केला. गंभीर इजेला ६ महिने ते ७ वर्षे कैद, दंड ५ लाखांपर्यंत, तपास ३० दिवसांत. अट एकच, साथ चालू हवी. अडलेली बाळंतीण किंवा मोटारसायकलवरून पडलेला पोरगा घेऊन आलात तर जुनाच भाव. ज्यांच्यासाठी आपण थाळ्या बडवल्या, त्यांनी मार खाण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे.

२०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणानंतर दिल्लीहून फर्मान निघाले : हल्ला झाल्यापासून ६ तासांत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा. फर्मान उत्तमच आहे. पण पाचव्या तासाला भाऊंचा फोन येतो. ‘साहेब, पोरं आपलीच आहेत. दुःखात होती हो. मिटवून टाका.’ ही पोरं पेशंटची नेमकी कोण, हे पेशंटच्या बायकोलाही माहीत नसते. कायद्याच्या लेखी गुन्हा अजामीनपात्र. भाऊंच्या लेखी समजूतपात्र.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला जबर इजा झाली. रुग्णाच्या डोक्याला मार होता, इथे न्यूरोसर्जन नाही, दुसरीकडे हलवा, एवढेच त्याने सांगितले होते. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, मग पहारेकरी आले. न्यूरोसर्जन नाही म्हणून सांगणाऱ्याला मारले तर कलम लागते. तो न नेमणाऱ्याला कोणते लागते, ते मी बरेच शोधले.

२०१९ साली केंद्राने १० वर्षांपर्यंत कैदेचा मसुदा काढला होता. एकाच व्यवसायाला वेगळा कायदा कशाला, असे गृहखात्याला वाटले आणि तो बासनात गेला. महाराष्ट्राला असला संकोच नाही. इथे पत्रकारांवरच्या हल्ल्यासाठीही स्वतंत्र कायदा आहे आणि दर तोच, ३ वर्षे, ५० हजार. म्हणजे सर्जनचे थोबाड आणि प्रस्तुत सदरलेखकाचे थोबाड सरकारदरबारी एकाच भावाचे. सर्जनमंडळींनी जरूर निषेध नोंदवावा. मला मात्र आयुष्यात एवढा भाव कुणी दिला नव्हता.