अगंबाई, टपावर प्लेटा!

ऐकलंत का, माणसं घर सोडायला लागलीत! कायमची नव्हेत, शनिवार-रविवारपुरती, पण सोडतात. स्लॅबचं घर, दारात मीटर, जिन्याखाली इन्व्हर्टर, सगळं जागच्या जागी ठेवून गाडीमागे पत्र्याचा एक डबा जोडायचा, डब्याच्या टपावर सोलरच्या प्लेटा ठोकायच्या आणि उजनी धरणाच्या काठावर जाऊन झोपायचं. का? तर तिथं वीज नाही म्हणून. बरं, वीज नकोय तर अंधारात बसा की गपचूप! तेही नाही. वीज नसलेली जागा हुडकून काढायची आणि तिथं जाऊन फ्रीज चालवायचा!

पुण्यामुंबईची मंडळी हे करत होती तोवर आम्ही काही बोललो नाही. ती हिवाळ्यात भिगवणला येतात, कुंभारगावात होडीत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात, चिलापी खातात आणि जातात. त्यांना सगळं माफ आहे. पण आता डबे ओढणाऱ्या गाड्यांवर एमएच-४२ दिसायला लागलंय! म्हणजे बारामतीची माणसं. बारामतीतून निघायचं, इंदापूर तालुक्यात शिरायचं, वाटेत चार पाहुण्यांची घरं टाळायची आणि धरणाच्या पाण्याशेजारी डबा लावायचा. ज्या मावशीच्या दारावरून डबा गेला, तिनं लोकांना काय सांगायचं? “आमचा भाचा आला होता, पण त्याला गादी चालत नाही, त्याला लिथियम बॅटरी लागते”?

यात सरकारचीही फूस आहे, हे लक्षात घ्या. २०२१ साली राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलं. चाकावरच्या घरात हिंडा म्हणे. पण हिंडणाऱ्यांच्या प्लेटांना मदत करायची वेळ आली की हात वर. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं खरं, पण ते ग्रिडला जोडलेल्या घराच्या छपराला. डब्याला छदाम नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे, त्यात शेतकऱ्यानं फार तर दहा टक्के भरायचे. पण तो पंप विहिरीवरच शोभतो. तरी एका महाभागानं उन्हाळ्यात विहीर आटली की पंपाच्या दोन प्लेटा उतरवून डब्यावर चढवायचा बेत केला होता, असं कानावर आलंय. नाव घेत नाही. त्याच्या वडिलांच्या कानावर गेलं तर डबा आणि मुलगा दोन्ही विहिरीत जातील.

आता आमच्या आळीतल्या भाऊसाहेबांचं सांगते. गृहस्थ साठीचे, सरळमार्गी, आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून चॅनेलवर चौकट मारून घेतली, वर सँडविच पॅनेलचा डबा, आत दोन बाकडी, मागे ओटा. इथपर्यंत शोभून दिसलं. मग प्लेट घ्यायला गेले आणि दुकानात जी सगळ्यांत मोठी दिसली ती उचलली. पाचशे चाळीस वॅटची! साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन अठ्ठावीस किलोच्या घरात. ही शेताची, कारखान्याच्या छपराची प्लेट. डब्याच्या टपावर तिच्या दोन्ही बाजू बाहेर. आळीतली पोरं म्हणाली, “आजोबा, गाडी पळाली की हिला पंख फुटतील.”

वर काटकसर काय केली माहितीये? प्लेटीवर पैसे गेले म्हणून मधला कंट्रोलर घेतला स्वस्तातला, पीडब्ल्यूएम. इथंच सगळं फसतं, आणि हे फसणं आता घरोघरी चाललंय म्हणून जरा सविस्तर सांगते. मोठ्या प्लेटीचा दाब चाळीस व्होल्टच्या वर, बॅटरी बारा व्होल्टची. स्वस्तातला कंट्रोलर प्लेटीला खाली ओढून बॅटरीच्या दाबावर आणतो. प्लेट तेरा अँपिअर देते, तेवढेच बॅटरीला मिळतात. वरचे व्होल्ट गेले वाऱ्यावर. हिशेब करा, तेरा गुणिले साडेतेरा, म्हणजे पावणेदोनशे वॅट. पाचशे चाळीसची प्लेट आणि काम पावणेदोनशेचं! काही कंट्रोलरांना तर तो वरचा दाबच सोसत नाही, सरळ जळतात. तोच एमपीपीटी कंट्रोलर असता तर जास्तीच्या दाबाचे अँपिअर करून दिले असते. महाग असतो, पण महाग उगाच नसतो.

बॅटरी कुठली म्हणाल, तर जुन्या ट्रकची! ट्रकची बॅटरी स्टार्टर मारायला असते: क्षणभर मोठा झटका द्यायचा, लगेच डायनामोनं भरून घ्यायचं. रात्रभर थेंबथेंब पिळत बसलं की तिचे दिवस भरतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर चालते, अर्धी वापरायची आणि भरून ठेवायची. पण दीडशे एएचची एक पन्नास किलोच्या वर जाते. डब्यात ती मागे ठेवली तर जोडणीचा हुक वर उचलतो आणि रस्त्यावर डबा शेपटी हलवत चालतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर एएच बारा-तेरा किलोत येते आणि तिच्यातली वीज जवळजवळ सगळी वापरता येते. भाव विचारू नका, भाऊसाहेबांनीही विचारला आणि पाणी मागितलं.

तर अशी सगळी जय्यत तयारी करून मंडळी मार्चच्या शेवटी उजनीच्या पाणलोटात उतरली. पाणी बरंच आत गेलेलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, ते बघायचं होतं. वहिनींनी घरचा छोटा फ्रीज घेतला, मिक्सर घेतला, इंडक्शन घेतलं. संध्याकाळी चटणीसाठी मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर एकदा ओरडून बंद पडला. साडेसातशे वॅटचा मिक्सर बारा व्होल्टवर चालवायचा म्हणजे साठाच्या वर अँपिअर लागतात; यांच्या वायरी दिव्याच्या. वायर हाताला चटका देत होती.

“अहो, फ्यूज कुठाय?” वहिनींनी विचारलं.

“फ्यूज आहे की, इन्व्हर्टरच्या आत.”

“आणि बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत?”

भाऊसाहेब गप्प. वहिनी शाळेत विज्ञान शिकवायच्या, हे लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं. वहिनींनी पाटा मागून घेतला, तोही शेजारच्या धनगरवाड्यावरून.

खरी बेअब्रू पुढं आहे. पाणी उतरलं की पात्रात चारा फुटतो, तिथं मेंढ्यांचे कळप येतात. जाळीची वाघूर लावून मेंढ्या कोंडलेल्या, बाजूला बिऱ्हाड, घोडं चरतंय, आणि त्या घोड्याच्या खोगिराला बांधलेली वहीएवढी सोलर प्लेट. दिवसभर कळप चालतो, घोडं चालतं, प्लेट भरते. रात्री लांडग्या-बिबट्याच्या भीतीनं दिवा हवाच, मोबाईलही हवाच. वाड्यावरचे मामा पाटा द्यायला आले, डब्याभोवती एक फेरी मारली आणि नम्रपणे म्हणाले, “पाव्हणं, कितीची म्हनायची ही प्लेट?”

“पाचशे चाळीस.”

“बाबौ! आन् जळतं काय काय हिच्यावर?”

“सध्या… दोन दिवे.”

मामा थोडा वेळ थांबले. “आमची वीसची हाय. ती बी दोनच जाळती.”

आता सांगा, तोंड कुठं लपवायचं? आणि हे मामा काही एकटे नाहीत. गळीत हंगामात माळेगावला, सोमेश्वरला, भवानीनगरला कारखान्याच्या आसपास बीड-नगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या बघा. पाचटाच्या कोपीवर, टायरगाडीच्या साट्यावर, जिथं ऊन पडेल तिथं प्लेट ठेवलेली. पहाटे अंधारात फडात निघायचं असतं, पोरं मागं कोपीत राहतात, तिथं दिवा ही चैन नाही. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला येते, मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढं बेलवाडीचं गोल रिंगण, मग इंदापूरचा मुक्काम; तेव्हा दिंड्यांच्या ट्रकांवरही हल्ली प्लेट दिसते. आषाढातल्या ढगात ती चौथाई-पाचवाही देत नाही, म्हणून वारकरी शहाणे: मिळेल त्या गावात, मिळेल त्या खोक्याला मोबाईल लावून हरिपाठाला बसतात. ग्रिडबाहेरचं चालतं बिऱ्हाड या दोन तालुक्यांना नवीन नाही हो. नवीन आहे ते हौसेनं ग्रिड सोडणं. आणि हौसेचंच म्हणाल तर १९५८ साली अमेरिकेच्या व्हॅनगार्ड उपग्रहानं सोलरवर पहिलं बिऱ्हाड हलवलं, ते अजून पृथ्वीभोवती फिरतंय. त्यात फ्रीज मात्र नव्हता.

फ्रीजवरून आठवलं, सगळ्या डबेवाल्यांचा जीव त्यातच अडकलेला असतो. बारा व्होल्टवर थेट चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज पंचेचाळीस वॅटच्या आसपास घेतो, तोही निम्मा वेळ. दिवसाचे पाचशे-साडेपाचशे वॅटतास. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा रात्रभर, दोन-अडीचशे. दिवे आणि मोबाईल मिळून दीडशेच्या आत. झाले नऊशे. आपल्याकडे उन्हाचे धरायचे पाच तास, म्हणजे दोनशे वॅटची प्लेट कागदावर हजार देते. कागदावर! प्रत्यक्षात सातशे मिळाले तरी नारळ फोडा. म्हणजे एवढ्या संसाराला तीनशेची प्लेट हवी. इंडक्शन अर्धा तास लावलं की हजार गेले, एका भातापायी दिवसभराचं ऊन संपलं. आणि एसीचं नावच काढू नका. एका मित्रमंडळात कुणीतरी “एक टन एसी टपाखाली बसवतो” म्हणाला. रात्रीचे आठ तास म्हणजे सहा-सात युनिट, त्याला दीड-दोन किलोवॅटच्या प्लेटा, म्हणजे डब्यामागे आणखी एक डबा फक्त प्लेटांचा. तो म्हणाला, “बघतो.” ही माणसं बघणार आणि करणार, हीच भीती आहे.

कागद आणि टप यांच्यात जे गळतं ते कुठं गळतं, तेही ऐका. प्लेटीवर छापलेले वॅट पंचवीस अंशाला मोजलेले असतात. इंदापुरात एप्रिलमध्ये काळी प्लेट पासष्ट अंशाला सहज जाते आणि दर अंशाला पाव-अर्धा टक्का उतरते, म्हणजे सातवा हिस्सा उन्हानंच खाल्ला. ऊन जास्त तर वीज जास्त, असं समजणाऱ्यांनी हे पाठ करावं. वर धूळ, वर हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काळी राख. सकाळी दव असताना ओल्या फडक्यानं पुसायची, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

आणि सावली! या धंद्यातलं सगळ्यांत मोठं भांडण सावलीचंच आहे. बाभळीखाली डबा लावला तर माणसं गार, प्लेट उपाशी. प्लेटीच्या एका कोपऱ्यावर फांदी पडली तरी निम्म्याहून जास्त वीज जाऊ शकते. उघड्यावर लावला तर प्लेट खूश, माणसं उकडून निघतात, मग पंखा, मग फ्रीजचं पाणी, म्हणजे मिळालेली वीज सावलीच्या बदल्यात खर्च. शहाणे लोक डबा झाडाखाली लावतात आणि सुटी प्लेट वायरीनं बाहेर उन्हात मांडतात. पण बारीक वायर वापरली की झालं. अडीच एमएमची वायर दहा मीटर नेली आणि दहा अँपिअर वाहवले तर जाता-येता दीड व्होल्ट वाटेतच जिरतो. बारा व्होल्टच्या घरात ही चोरी परवडत नाही. सहाची किंवा दहाची वायर घ्या, नाहीतर दोन प्लेटा एकामागे एक जोडून दाब वाढवा आणि एमपीपीटीवर सोडा.

भाऊसाहेबांनी मोठी प्लेट टपावरून उतरवून गोठ्याच्या छपरावर टाकली, हे मात्र मान्य करायला हवं. आता म्हशींना पंखा आहे. डब्यासाठी शंभर-शंभरच्या तीन घेतल्या, लिथियम बॅटरी घेतली, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर वहिनींनी स्वतः फ्यूज लावला. मिक्सर घरी. पाटा मामांना परत करताना वहिनींनी त्यांच्याकडून मेंढीच्या लोकरीची घोंगडी घेतली, तिला वीज लागत नाही.

तरी ही खूळबाजी आहे, यावर मी ठाम आहे. घर असताना डब्यात राहणं आमच्या पिढीला पटायचं नाही. पण जाणारच असाल, तर माझ्याकडून एवढं ऐका: तीनशे वॅट, एक बरी बॅटरी, जाड वायर आणि वीतभरावर फ्यूज, याच्या वर एक रुपया टपावर घालू नका. उरलेले पैसे भिगवणला मासे खायला ठेवा, आणि जाताना वाटेतल्या मावशीकडे चहाला थांबा.