महाप्रसाद, गंगाजल आणि सॉकेट

छत्तीसगडात मैत्री आपोआप होत नाही, ती ‘बदावी’ लागते. पुरीच्या जगन्नाथाचा भात एकमेकांना देऊन महाप्रसाद बदतात, गंगेचं पाणी देऊन गंगाजल, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळसर कोंब एकमेकांच्या कानाला खोचून भोजली. त्यानंतर नाव संपलं. मितानाला, म्हणजे असं नातं जोडलेल्या मित्राला, नावानं हाक मारायची नाही. ‘सीताराम महाप्रसाद’ म्हणायचं. भोसल्यांच्या मागोमाग इकडे येऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात रुजलेल्या आम्हा मराठी मंडळींना सुरुवातीला याचं नवलच वाटलं असणार. आमच्यात तीन पिढ्यांचा घरोबा असला, तरी शेवटपर्यंत ‘काय जोशी, कसं काय?’

बाबांचा एक महाप्रसाद राजिमकडच्या खेड्यात आहे. त्यामुळेच भाच्यानं सुट्टीत दोन लॅपटॉपना गप्पा मारायला लावणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि टीसीपी सॉकेट म्हणजे काय ते घरात समजावून सांगितलं, तेव्हा सगळ्यांत आधी ते बाबांना कळलं. एक यंत्र म्हणतं, बोलायचं आहे, माझी मोजणी अमुक आकड्यापासून. दुसरं म्हणतं, समजलं, माझी तमुकपासून. पहिलं पुन्हा म्हणतं, समजलं. या तीन निरोपांनंतरच बोलणं सुरू. मधला रस्ता भरवशाचा नाही, निरोप हरवतील, मागेपुढे पोचतील, हे धरूनच सगळी रीत बसवली आहे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये तिची मांडणी केली आणि 1983 मध्ये बर्कलेच्या युनिक्समधून सॉकेट प्रोग्रॅमरांच्या हाती आलं.

मजा पुढे आहे. जोडणी झाली की प्रोग्रॅमसुद्धा पलीकडच्याचा पत्ता घेत नाही. त्याच्याकडे एक लहानसा आकडा असतो, बहुतेकदा 3 किंवा 4, कारण 0, 1, 2 की-बोर्ड आणि पडद्यासाठी आधीच राखलेले. लिहायचं ते 3 ला, वाचायचं ते 3 कडून. ‘‘म्हणजे सीताराम तीन,’’ बाबा म्हणाले.

(सरकारलाही ‘मितान’ हा शब्द आवडला. 2022 मध्ये मुख्यमंत्री मितान योजना आली: 14545 वर फोन लावायचा आणि दाखल्यांसाठी मितान घरी येणार. सॉकेटच्या पत्त्यातले पोर्टचे आकडे 65535 पर्यंत जातात, तेव्हा 14545 हा पोर्ट म्हणूनही चालेल. पण हा मितान भात न खाताच होतो.)

निरोप घेणं मात्र मितान आणि सॉकेट या दोघांकडे सारखं नाही. सॉकेटमध्ये एकानं ‘माझं बोलून झालं’ म्हटलं, तरी दुसऱ्याला बोलत राहता येतं, आणि पहिल्याला ते ऐकून घ्यावं लागतं. मग त्याचंही झालं की, ज्यानं आधी आटोपतं घेतलं त्यालाच दारात थोडं ताटकळायचं असतं, लिनक्सवर मिनिटभर. वाटेत रेंगाळलेला एखादा शब्द मागून येईल म्हणून. हे ठाऊक नसलेला नवशिका सर्व्हर बंद करून लगेच सुरू करतो आणि ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ वाचून वैतागतो. मला तर ही अट फार सभ्य वाटते. आधी उठणाऱ्याला शिक्षा असावीच.

मितानात बंद करण्याची सोयच नाही. लग्नाला, मयताला जायचं. एरवी वर्षानुवर्षं काही नाही. आणि टीसीपीत, कोणी मुद्दाम तोडलं नाही तर, अगदी हेच होतं. भाच्यानं मधली केबल काढली, आम्ही चहा घेतला, केबल परत लावली. दोन्ही लॅपटॉपना पत्ताच नाही. बोलणं होतं तिथून पुढे चालू. दरम्यान कोणी काही पाठवलंच नव्हतं, तर तुटल्याचं कळणार कसं?

भाच्याला ते पटेना. पलीकडचं मशीन खरोखर बंद पडलं असेल तर आपण बसायचं का वाट बघत? त्यासाठी कीपअलाइव्ह म्हणून सोय आहे. आपणहून चालू करावी लागते; मग गप्प बसलेल्या जोडणीला, न सांगितल्यास, दोन तासांनी विचारणा होते: आहेस ना?

‘‘दोन तासांनी?’’ बाबा म्हणाले. ‘‘अरे, तो भात खाऊन झोपला असेल.’’